व्यंकटदादा, खाली बस

व्यंकटदादा, अण्णांनी तुला कोट घातलाय.

निळा कोट, लाल टाय. आधारकार्डावरचा तुझा तो चौकीत बसवल्यासारखा चेहरा मोठा केलाय आणि त्याखाली कुणातरी भलत्याचेच खांदे जोडलेत. केस काळे केलेत, मागं ढग सोडलेत. चौकात तुझा फ्लेक्स लागला त्या सकाळी मी गाडी बाजूला घेऊन उभी राहिले. खरं सांगते, रडू यायच्या आधी मला तुझं हसणं ऐकू आलं. नांदेडातल्या असल्या प्रत्येक फ्लेक्सकडं बोट दाखवून तू म्हणायचास, "बघ सुजाता, जन्मभर धोतरात गेलेला माणूस वर जाताना साहेब झाला." आता तूही झालास. अण्णांना मी काही बोलले नाही. धाकट्या भावाचा असला फोटो करायला टाकताना थोरल्याचं काय झालं असेल, ते त्यांचं त्यांना माहीत.

तू गेलास त्या दिवसाबद्दल मी लिहिणार नाही. ते आता गल्लीतलं पोरगंही सांगतंय. मला तुझ्याशी भांडायचंय, आणि समोर तू नाहीस म्हणून कागदावर भांडतेय.

पल्लवीच्या लग्नाची तारीख तू असतानाच धरलेली. घरातलं माणूस गेलं की कार्य वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर लांबवायचं, हे तुमच्याकडं पक्कं. लातूरच्या सोयऱ्यांनी समजूतदारपणा दाखवला. तारीख तीच ठेवू, लग्न आमच्याकडं लातूरला करू, वाजंत्री नको, माणसं मोजकी, म्हणाले. वहिनींनी मान डोलावली. अण्णांनी कोटातला फोटो फ्रेम करून आणला, स्टेजवर खुर्चीत ठेवायला. तो बघितला आणि तुझी लेक तडक माझ्याकडं आपल्या स्टुडिओत आली.

"आत्या, हा माझा बाप न्हाई."

"असं बोलू नये, पल्लू. अण्णांनी मायेनं केलंय."

"मायेनं केलंय, पण बाप दुसराच केलाय. मी ह्या फोटूला पाया पडणार न्हाई. तुमच्याकडं असंल की एखादा. इतकी वर्षं संगं काम करून राहिलात तुम्ही."

आहे म्हणाले मी. तोंडातून निघून गेलं. ती गेल्यावर लॅपटॉप उघडून बसले, आणि दुपार कलली तरी तुझा एक फोटो सापडेना. लोकांच्या लेकींचे इतके फोटो काढले आपण, काहीही न सांगता, कुणाला उभं न करता. नवरीच्या मावशीनं गुपचूप तोंडात टाकलेला पेढा आपल्याकडं आहे, नवरदेवाच्या आजोबांची जांभई आहे. तू मात्र कुठंच नाहीस.

असणार तरी कसा? एक तर तुझा तो नियम. अल्बम दिला, पेनड्राइव्ह दिला की डिस्क मोकळी. "लोकांच्या घरातलं आपल्या घरात कशाला?" म्हणायचास आणि बसल्या बसल्या सगळं पुसून टाकायचास. दुसरं म्हणजे कुणी मोबाइल तुझ्याकडं वळवला की तुझा कॅमेरा डोळ्याला लागलाच. दिसायचा तो हात आणि लेन्स. आणि तिसरं, जिथं तू चुकून सापडायचास, तिथून तुला मी कापलंय. नेमानं, प्रत्येक लग्नात.

आपलं काम सुरू झालं तेव्हा लोक तोंडावर विचारायचे, बाई काय फोटो काढणार? तू शांतपणे म्हणायचास, "मग नवरीच्या खोलीत मी जाऊ का?" संपला विषय. आमच्या बौद्धांच्या लग्नात अंतरपाट नसतो. शेवटचं मंगलाष्टक कुठलं, गुरुजींचा आवाज कुठं चढतो, कापड धरणाऱ्याचा हात आधी कसा सैल होतो, हे मला तू शिकवलंस. अंतरपाट पडला की दोघं पहिल्यांदा एकमेकांना बघतात. तेवढंच बघणं खरं असतं, पुढचं सगळं लोकांसाठी, असं तुझं मत. म्हणून मी नवरदेवाच्या खांद्यामागं, नवरीचा चेहरा धरायला. तू नवरीच्या मामाला जरा सरकवून तिच्या खांद्यामागं, नवरदेवाचा चेहरा धरायला. मंगलाष्टकं चालू असेपर्यंत मला तू दिसायचा नाहीस, मध्ये कापड. कापड पडलं की नवरीच्या डोक्यावर बरोबर तुझं टक्कल.

"दादा, खाली बस की!"

"ओ म्याडम, मी बसलो तर नवरदेव कोण बघंल? तुझा काका?"

गुरुजी डोळे वटारायचे, करवल्या खिदळायच्या. रात्रीच्या जेवणाला तू हे घरी रंगवून सांगायचास. पल्लवी लहान होती तेव्हा पाट मांडून, ओढणी धरून आपल्या दोघांचं हे भांडण खेळायची. तू कधी बसला नाहीस. मी घरी येऊन फोटोची वरची कड कापायची, तुझ्यासकट.

पण तिला फोटो का हवा होता, ते तुला कळलंय का? फोटोसाठी फोटो नको होता तिला.

तिचा साखरपुडा आठव. नांदेडात आपलाच हॉल, आपलीच माणसं, आणि तू स्टेजच्या कडेला लाइटच्या दांडीला चिकटलेला. अंगठी घालायची वेळ झाली तेव्हा वहिनींनी हाक मारली, "अवो, या की फोटूत. पोरगी थांबलीया."

"लाइट हलंल. घ्या तुम्ही उरकून."

पल्लवीनं तुझ्याकडं बघितलं. परत बघितलं. मला ते कॅमेऱ्यातून दिसत होतं, म्हणून मी अंगठीचा फोटो जरा उशिरा घेतला, तू येशील म्हणून. तू आला नाहीस. सगळा साखरपुडा बापाशिवाय झाला. घरी वहिनी ताटं आपटत होत्या आणि तू म्हणालास, "लग्नात येतो की." मी म्हटलं, लग्नात कॅमेरा माझ्याकडं दे आणि बाप म्हणून उभा राहा. तू म्हणालास, "बघू."

तो "बघू" मला अजून छळतोय. कारण पल्लवी त्या दिवशी मला खोलीत म्हणाली होती, "आत्या, त्यांनी माझ्याकडं बघितलंच न्हाई. मी चालले ह्याचं त्यांना काय न्हाई." मी म्हटलं, वेडी आहेस का, बापाचं असंच असतं. तिनं ऐकल्यासारखं केलं. नंतर तू गेलास, आणि ते तिच्या मनात तसंच राहिलं. त्याच मनानं ती लातूरला बोहल्यावर चढणार होती.

रोज तिचा फोन. "सापडला का?" रोज मी, "बघते." दोन्ही बाजूंनी कात्रीत सापडले होते मी. अण्णाही फोन करायचे. "सुजाताबाई, पोरीला समजावून सांगा. चारचौघांत बरा दिसतो कोटातला. मी लातूरला पाठवून दिलाय तो." मी त्यांनाही "बघते" म्हणायचे. तुझाच शब्द, दादा.

मग मला धर्माबादचं लग्न आठवलं. त्या जोडप्यानं अजून अल्बमचे फोटो निवडून दिलेले नाहीत. लग्न झालं, दोघं पुण्याला गेली, आणि आपण फोन करकरून दमलो. तू माझ्यामागं लागला होतास, "त्यांच्याकडून यादी घे अन् डिस्क मोकळी कर." मी चालढकल केली. देव मानत नाही मी, पण त्या चालढकलीला हात जोडले.

डिस्क लावली. अंतरपाटाचे फोटो उघडले. कापड खाली येतंय, नवरीचे डोळे वर होतायत, अक्षदा हवेत. आणि मध्येच माझा एक बिघडलेला फोटो. आपल्या धंद्यात ज्याच्यावर क्षणभरही थांबत नाहीत असला. फोकस नवरीवरून निसटून मागं गेलेला. नवरीचा चेहरा पुसट, आणि तिच्या खांद्यामागं तू. लख्ख. टकलावरच्या घामासकट.

कॅमेरा छातीशी उतरवलेला. तू त्या नवरीकडं बघून रडत होतास. डोळ्यांत पाणी येणं वगैरे नाही, दादा. तोंड वेडंवाकडं करून, लहान पोर रडतं तसा. 

तुला तो दिवस आठवत असेल. पल्लवीच्या साखरपुड्यानंतरचं पहिलंच लग्न होतं ते. नवरदेवाचा फोटो तुझ्याकडून सुटला आणि तू म्हणालास, "ऐनवेळी बॅटरी गेली." मी तुला गाडीपाशी उभं करून झाडलं. बॅटरी बदलून उभं राहायचं हे मला शिकवणारा तू, आणि तूच असं करतोस? तू पिशवी आवरत राहिलास. मला वाटलं, वरमलास. बॅटरीला धाड भरली नव्हती. त्याच कॅमेऱ्यावर तू पंगती काढल्यास, पाठवणी काढलीस, आणि मला बाईला कळलं नाही.

लॅपटॉप मी खाडकन मिटला. दाखवायचा कसा हा? तू लोकांना असं पकडायचास, स्वतःला मात्र जन्मभर लपवलंस. लेकीसमोर कडक, बायकोसमोर कडक. आणि मी तुझा तो चेहरा खुर्चीत बसवून लातूरच्या लोकांसमोर मांडू? आयुष्यभर ज्यावरून मी तुझ्याशी भांडले, तेच करू?

अर्धापूरच्या त्या केळीवाल्यांच्या लग्नाबद्दल बोलतेय मी. नवरीचा बाप आचाऱ्याच्या कनातीमागं पालथ्या घमेल्यावर बसून उपरण्यानं तोंड पुसत होता. तू लांबून घेतलास. त्यानं बघितलं. दुसऱ्या दिवशी स्टुडिओत येऊन उभा राहिला.

"भाऊ, तेवढा एक पुसून टाका. सोयरे बघत्यात. बाप रडून राहिला म्हणल्यावर पोरगी मनाविरुद्ध दिली की काय, असं व्हईल."

"काका, चेहरा तुमचा हाय. फोटो तिचा हाय."

"म्हणजे?"

"तुम्ही तिला बोलून दाखवणार हाव का कधी?"

माणूस गेला तो नाराजच. आणि मी तुझ्यावर तुटून पडले. चेहरा त्याचा म्हणजे फोटो त्याचा. विचारायचं नाही, कळू द्यायचं नाही आणि वर त्याचं रडणं वाटायचं, ही चोरी आहे. तू म्हणालास, "विचारलं की रडणं थांबतं." मी म्हटलं, तुझा कुणी असा काढला असता म्हणजे कळलं असतं. तू बशीत चहा ओतलास आणि हसलास. "मला कोण काढतंय?"

अल्बमला तू तो फोटो लावला नाहीस, तेवढं माझं ऐकलंस. पण पोरगी परतणीला माहेरी आली तेव्हा कागदात गुंडाळून तिच्या हातात दिलास. तिनं काय केलं त्याचं, आपल्याला कधी कळलं नाही. आपला वादही तिथंच राहिला. कधीतरी पुन्हा निघायचा, अर्धापूरवरून जाताना हमखास.

तर मी मिटलेल्या लॅपटॉपसमोर बसून तुझ्याशी मोठ्यानं भांडले. शेजारचा झेरॉक्सवाला डोकावून गेला. तुझ्या बाजूनं बोलायला तू नव्हतास, म्हणून तुझी बाजूही मलाच घ्यावी लागली. आणि तिथं मी अडकले. चेहरा तुझा, फोटो तिचा. तुझंच वाक्य. तू तिला बोलून दाखवणार होतास का कधी? नव्हतास. "बघू" म्हणाला असतास आणि लाइटची दांडी धरली असतीस.

प्रिंट काढली. मॅट कागद. लॅबवाल्यानं विचारलं, ताई, डोळ्यांखालचं काळं काढू का, कोट टाकू का? मी त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं पुढचं विचारलं नाही.

लातूरला जाताना फ्रेम मांडीवर, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. कार्यालयात पोहोचले तर स्टेजवर खुर्ची मांडलेली, खुर्चीत तू कोटात, हार घातलेला. सोयऱ्यांची बायकामाणसं त्याच्यापुढून पदर सावरून जात होती. मी सरळ नवरीच्या खोलीत गेले. हिरवा चुडा भरलेली पल्लवी आरशासमोर, वहिनी तिच्या केसांत गजरा खोवत होत्या. अण्णा दारातच उभे. माझ्या हातातलं बघितलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"बाहेर जाता का जरा?" मी म्हटलं.

"मी का जाऊ? माझा भाऊ हाय."

कागद काढला आणि फ्रेम पल्लवीच्या मांडीवर ठेवली.

ती बघत राहिली. बांगडीचाही आवाज होईना. तिनं फ्रेम पालथी टाकली असती तर मी लातुरातून तशीच परत फिरले असते.

"कधीचा?"

"धर्माबादचा. तुझ्या साखरपुड्यानंतरचा."

"ही नवरी कोण?"

"कुणीही असो. आपली नव्हे."

"मग बाबा का रडून राहिले?"

वहिनी बोलल्या. गजरा तसाच हातात धरून, अगदी हळू. "तुला काय वाटतं, ती कोण दिसत असंल त्यांला?"

पल्लवीनं फ्रेमवर हात ठेवला. बोटं तुझ्या गालावरून फिरली, आणि मग ती रडली, काजळाची पर्वा न करता. मी कॅमेरा उचलला नाही, दादा. तू उचलला असतास. माझा तुझा फरक तेवढाच.

अण्णांचा आवाज चढला. "रडका फोटू लग्नात ठेवत असत्यात का? शुभकार्य हाय. लोक काय म्हणत्याल?"

"अण्णा," पल्लवी म्हणाली, "तुम्ही एकदा बघा तर खरं."

त्यांनी फ्रेम घेतली, खिडकीपाशी नेली, लांब धरून बघितली. मी मनातल्या मनात भांडणाची सगळी वाक्यं जुळवून ठेवली होती. एकही लागलं नाही. अण्णा म्हणाले, "लहानपणी असाच रडायचा. तोंड वाकडं करून." आणि फ्रेम काखेत मारून स्वतः स्टेजवर गेले. कोटातला साहेब त्यांनी हार काढून खोलीत आणून ठेवला, भिंतीकडं तोंड करून.

"खुर्ची कुठं ठेवू?" परत येऊन विचारलं.

"बाबा उभे राहायचे तिथं," पल्लवी म्हणाली. "माझ्यामागं. मामाला सरकवा जरा."

मी दुसरा फोटोग्राफर आणला नव्हता. नवरदेवाचा चेहरा या लग्नात कुणीच धरणार नव्हतं, आणि ते मी जावईबापूंना सांगून टाकलं होतं. ते म्हणाले, "चालंल आत्या, माझं थोबाड काय पळून चाललंय का." बरा मुलगा आहे, दादा. तुला आवडला असता. म्हणजे आवडलाच होता म्हणा, तू बोलला नव्हतास एवढंच.

अंतरपाट धरला. मी नवरदेवाच्या खांद्यामागं. समोर कापड, कापडापलीकडं पल्लवी, तिच्यापलीकडं तू. मंगलाष्टकं चालू झाली आणि मी कॅमेरा डोळ्याला लावला. हा एक फोटो हुकला तर तो परत घेता येत नाही. "परत हार घाला" म्हणणाऱ्या फोटोग्राफरांना तू काय काय म्हणायचास, ते मला पाठ आहे. गुरुजींचा आवाज चढला. कापड धरणाऱ्याचा हात सैल झाला. सावधान.

कापड पडलं. पल्लवीनं डोळे वर केले. आणि तिच्या डोक्यावर बरोबर तुझं टक्कल. अण्णांनी फ्रेम नीट दिसावी म्हणून खुर्चीवर उशा रचल्या होत्या.

"दादा, खाली बस की!"

माझ्याच तोंडून गेलं. मोठ्यानं. वाजंत्री नव्हती, सगळ्या मांडवाला ऐकू गेलं. अक्षदा टाकणारे हात हवेत थांबले, गुरुजींनी डोळे वटारले. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

आणि पल्लवी हसली. ओढणी धरून आपलं भांडण खेळायची तेव्हा हसायची तशी, खळखळून, मुंडावळ्या हलवत. हसता हसता मान वळवून तिनं मागं तुझ्याकडं बघितलं. मग परत समोर, डोळे भरलेले, दात दिसतायत. तेव्हा मी बटण दाबलं.

फोकस बरोबर लागलाय, दादा. ती लख्ख आहे, तू मागं जरासा पुसट. वरची कड मी कापलेली नाही.

वाद मी हरलेय असं समजू नकोस. चेहरा ज्याचा त्याचा फोटो, हे मी अजून म्हणते, आणि अर्धापूरवरून जाताना पुन्हा म्हणेन. पण काल पल्लवीचा लातूरहून फोन आला. अल्बमसाठी तिनं तेवढा एकच फोटो निवडलाय. बाकीचे निवडायला वेळ लागंल म्हणाली, घरात पाहुणे हायत. मी म्हटलं, सावकाश निवड, वर्ष लागू दे.

तू कितीही ओरड. ही डिस्क मी मोकळी करणार नाही.